झोपाळ्यावरचं उत्तर

“आज तरी गातील, की पुन्हा अर्ध्यात बसतील?” सरसूअक्का शेजारणीच्या कानात म्हणाली. तिचं कुजबुजणं कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही ऐकू जातं. बाबूमामांनी ऐकलं आणि ते खुशीत उठून उभे राहिले.

कुंभकोणमला सरसूअक्काच्या ओसरीवर दर रविवारी दुपारी आमच्या गल्लीतली म्हातारी मराठी मंडळी जमतात. प्रत्येकाने तरुणपणची एक गोष्ट सांगायची, मग तेव्हाचं एक गाणं म्हणायचं किंवा फोनवर लावायचं. फोन स्पीकरला जोडून देणं माझं काम. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, घरात मराठी. तिन्ही भाषांत मी गप्प, म्हणून हे काम मला आवडतं.

बाबूमामा वय वर्षांत सांगत नाहीत. इथल्या तळ्यावर बारा वर्षांनी महामहमची जत्रा भरते, त्या हिशेबाने सांगतात. “मी दीड महामहमचा होतो, मिशी नव्हती, सायकल होती!” त्यांची गोष्ट सुरू झाली की कॉफी प्यायची नाही. “टंबलर खाली!” म्हणून ओरडतात. बैलगाडीची गोष्ट असेल तर बैल, गाडी आणि चिखल, सगळं तेच होतात.

गेले सहा रविवार मात्र एकच गोष्ट चालली होती: त्यांचं लग्न. आमच्याकडे नवरानवरीला ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवतात. नवरीकडच्या बायका गाण्यातून टोमणा मारतात, नवऱ्याकडच्या बायकांनी तो गाण्यातूनच परतवायचा.

“माझ्या पाचही आत्या पंगतीत!” मामा ओसरीभर हात फिरवत म्हणाले. “उत्तर द्यायला कोणी नाही! आणि नवरी, स्वतः नवरी, माझ्या शेजारी बसून गाते, ‘हळू द्या गे झोका, नवरा आमचा नाजूक!’ अय्यय्यो! सगळा मांडव हसतोय! मग मीच तोंड उघडलं...”

आम्ही सगळे पुढे झुकलो. मामांनी मांडीवर ताल धरला, डावीकडे मान वळवली, तोंड उघडलं. मिटलं.

“कॉफी आहे का गे?” असं म्हणून ते खाली बसले.

“नक्को!” सरसूअक्का कडाडली. “सहा रविवार झाले. उत्तर विसरलात तर तसं सांगा. आज गाणं नाही, तर पुढल्या वेळेपासून पाळी नाही.”

मामांचा चेहरा उतरला. मी समोरच्याच घरात राहते. रविवारी सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभे असतात.

“विसरलो नाही गे,” ते म्हणाले. “पण नुसतं उत्तर कसं गाऊ? आधी समोरून ओळ यावी लागते. घरी इडलीचं पीठ वाटताना बायको एक ओळ टाकायची, मी उत्तर द्यायचो. रोज. ती जाऊन पाव महामहम झालं. घरात ओळच येत नाही.”

सरसूअक्का चष्मा पुसत बसली. मामांची दोन बोटं मात्र अजून ताल धरून होती.

मी स्पीकरची वायर खाली ठेवली आणि जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. कान तापले होते. चाल मला ठाऊक नव्हती. शब्द तेवढे पाठ झाले होते.

“मामा,” मी म्हटलं, “मामींची ओळ मी म्हणते. तुम्ही उत्तर द्या.”