लेवुकात जेवलेला माणूस

रविवारी लेवुकात देवाखेरीज कुणाचंच दुकान उघडं नसतं, हे बिसेसर मास्तरांना ठाऊक असायला हवं होतं. सगळा जन्म फिजीतच गेलेला! पण शनिवारी बोटीतून उतरले ते बंदरावरची जुनी लाकडी दुकानं बघण्यातच रमले, आणि सकाळी पाहतात तर दारोदार कुलपं. खोली भाड्यानं देणारी बाई चर्चमधून परस्पर बहिणीकडे गेलेली. जवळचा बिस्किटांचा पुडा बोटीतच संपला होता.

लेवुका बघायचं होतं ते खरं सुखवंतीला, मास्तरांच्या बायकोला. "एकदा न्या ना," ती म्हणायची. "काय ठेवलंय त्या पेंगुळलेल्या गावात?" मास्तर म्हणायचे. ती गेली, आणि लौटोकाच्या घरात मास्तर एकट्यापुरतं रांधून एकटेच जेवू लागले. समोर कुणी नसलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो, हे त्यांना सत्तरीत कळलं. दर रविवारी संध्याकाळी ब्रिस्बेनहून मुलाचा, अवनीलचा, फोन यायचा.

"जेवलात ना, पप्पा?"

"जेवलो."

"बरं. ठेवतो मग."

मास्तर छत्री घेऊन रस्त्याला लागले. चर्चच्या घड्याळानं बाराचे ठोके दिले, आणि पहिल्यांदा कुणी ऐकले नसतील म्हणून थोड्या वेळानं पुन्हा दिले. तिथे ते दर तासाला दोनदा वाजतं. घराघरांतून नारळाच्या दुधाचा वास येत होता आणि मास्तरांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"ओ छत्रीवाले काका! या, जेवायला या!" पहिल्याच घरातून एका बाईची हाक आली.

आता जेवायला बसलेल्यानं वाटेच्या माणसाला हाक मारायची आणि वाटेच्या माणसानं "आत्ताच जेवलो" म्हणायचं, ही फिजीची रीत. मास्तरांनी ती जन्मभर वर्गात शिकवलेली. तोंडातून आभारासकट आपोआप निघालं, "विनाका, विनाका! आत्ताच जेवलो."

आतून पुरुषाचा आवाज आला, "मेरेओनी, मासा निवतोय!" आणि मास्तर पुढे झाले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही.

पुढे ‘आह लम’ अशी पाटी लावलेल्या बंद दुकानाच्या ओसरीवर म्हातारा चिनी मालक भातावर वाकला होता. "ये रे दादा, बस जेवायला!"

"आत्ताच जेवलो."

"कुठे? सगळं तर बंद आहे."

असं कुणी विचारत नाही. रीतीत तो प्रश्नच नाही! मास्तर गडबडले. "त्या... मेरेओनीकडे."

"काय होतं?"

"मासा."

आह लमचा चमचा थांबला. "मासा? सकाळी मी मागायला गेलो तर म्हणाली, आज जाळ्यात काहीच नाही!" आणि भात तसाच टाकून तो मेरेओनीच्या घराकडे निघाला.

मास्तर घाईनं टेकडीच्या पायऱ्या चढू लागले. वर फ्रेडी राहायचा. त्याचा पणजा गोरा खलाशी, पणजी इथलीच आणि जीभ कुणाच्याच ताब्यात नाही. "काका, या! दोन घास खा!"

"आत्ताच... आह लमकडे जेवलो." मेरेओनीचं नाव पुन्हा घ्यायची छाती झाली नाही.

"आह लमकडे? त्याची बायको तर सुवाला गेलीय!" फ्रेडीचे डोळे चमकले. "त्याला चहासुद्धा करता येत नाही. मग रांधलं कुणी?"

"मी... विचारलं नाही."

"मी विचारतो!" म्हणत फ्रेडी दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

मास्तर दुसऱ्या वाटेनं खाली आले आणि समुद्राच्या कट्ट्यावर जाऊन बसले. समोर नुसतं पाणी. सुखवंती असती तर पदराआडून पुरी काढली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. या क्षणी मास्तरांना पुरीहून ते दोन शब्द हवे होते.

तेवढ्यात तिघंही तावातावानं येताना दिसले.

"हाच तो!" मेरेओनी ओरडली. "काय हो, माझ्या दारात पाऊल तरी टाकलंत का तुम्ही?"

"आणि माझ्याकडे कुठली बाई रांधते म्हणे?" आह लम ओरडला. "बायकोला सुवात कळलं तर परत आल्यावर ती मला घरात ठेवील का?"

"थांबा," फ्रेडी म्हणाला. "हिच्याकडे नाही, याच्याकडे नाही. मग काका, तुम्ही जेवलात कुठे?"

मास्तरांनी छत्रीच्या मुठीकडे पाहिलं. "कुठेच नाही. कालपासून."

"मग मी हाक मारली तेव्हा?" मेरेओनी म्हणाली.

"मला वाटलं, रीत म्हणून मारलीत."

"रीत म्हणूनच मारली! मासा दोघांपुरताच होता. तुम्ही आला असतात तर तिघांपुरता झाला असता, त्यात काय!"

"म्हणजे मासा होता," आह लम पुटपुटला.

"गप रे! आमचं घड्याळसुद्धा दोनदा सांगतं, आणि मला दुसऱ्यांदा हाक मारायला काय झालं होतं?" तिनं मास्तरांची छत्रीच काढून घेतली. "चला. आता मी विचारत नाहीये."

मास्तर मेरेओनीच्या चटईवर मासा जेवले. आह लम आपला भात घेऊन आला आणि उरलेल्या माशावर हक्क सांगून बसला. फ्रेडीनं नारळाच्या दुधातली अळूची पानं आणली. "घ्या की," "एवढ्यानं काय होतंय," "लाजता काय नव्या नवरीसारखे!" असं म्हणत तिघांनी त्यांना गळ्यापर्यंत खाऊ घातलं. मास्तरांचा एकही घास फिरला नाही. डोळे तेवढे दोनदा पुसावे लागले, आणि त्यांनी ते मिरचीवर ढकललं.

संध्याकाळी कट्ट्यावर फोन वाजला.

"जेवलात ना, पप्पा?"

मास्तरांना ढेकर आला. तो त्यांनी कसाबसा दाबला.

"नाही," ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग, "नाही? का? काय झालं? कुठे आहात तुम्ही? पप्पा, ठेवू नका हं फोन!"

"नाही ठेवत," मास्तर म्हणाले, आणि पाय पसरून ऐसपैस बसले.