शंभर टक्के शक्यता

हवामान विभाग आणि नकाशा विभाग एकाच इमारतीत होते आणि त्या इमारतीत खिडक्या असलेला विरंगुळा कक्ष एकच होता. तो वर्षभर कोणाकडे राहणार, हे दोन्ही विभागांतल्या पोकरच्या सामन्यावर ठरत असे. हरणाऱ्यांचे जेवणाचे टेबल जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी जाई.

कक्ष सध्या हवामान विभागाकडे होता, पण धोक्यात होता. विभागाचे साहेब पाने चांगली आली तरच पैशांऐवजी वापरायच्या चकत्या डावावर लावत. त्यामुळे ते लावत, तेव्हा समोरचे सगळे पाने टाकून चहाला जात. यावर शास्त्रीय उपाय म्हणून, कोणत्या पानांवर काय करावे ते गणिताने सांगणारी सॉल्व्हर नावाची संगणकप्रणाली मागवण्यात आली. ती चालवण्याचे काम विभागातल्या सर्वांत तरुण शास्त्रज्ञ बाईंकडे आले. त्या पूर्णांकात बोलत नसत, म्हणून सगळे त्यांना दशांशताई म्हणत.

प्रश्न एवढाच होता: पहिल्या फेरीत ज्याने चकत्या वाढवल्या, त्याने टेबलावर तीन पाने उघडल्यावरही, हाती काही लागलेले नसताना, पुन्हा लावायच्या का? सॉल्व्हरचे उत्तर आले. एक्का, सत्ती, दुर्री उघडली तर सत्तर टक्के वेळा लावा. नव्वी, अठ्ठी, सत्ती उघडली तर पस्तीस टक्के.

"सत्तर टक्के म्हणजे लावायचं की नाही?" साहेबांनी विचारले.

"दहापैकी सात वेळा लावायचं, सर."

"ते कळलं गं. पण ही वेळ सातातली की तिनातली?"

"ते कोणाला कळताच कामा नये, सर. तुम्हालासुद्धा."

आपल्या विभागात काय चालले आहे ते आपल्याला न कळणे साहेबांना नवीन नव्हते. पण तसा नियमच असावा, हे त्यांना गैर वाटले.

दशांशताईंनी तोडगा काढला. सेकंदकाट्याकडे पाहायचे; सत्तर टक्क्यांसाठी तो साठापैकी बेचाळीसच्या आत असला तर लावायचे. पण प्रत्येकाचे घड्याळ निराळे. एकसूत्रतेसाठी सर्वांनी कक्षाच्या भिंतीवरचे घड्याळच प्रमाण मानावे, असे ठरले. ते बंद होते. काटा बारावर थांबलेला असल्यामुळे सगळे दर वेळी लावू लागले आणि सरावात कमालीची शिस्त आली.

साहेब प्रसन्न झाले. दर वेळी थोडेसेच लावले तर तोटा किती, एवढेच त्यांनी विचारले. दशांशताई म्हणाल्या की फार थोडा, पण समोरच्यांना हे माहीत नसेल तरच. वाक्याचा पहिला भाग मंजूर झाला.

दुसरा भाग कामकाजाच्या पद्धतीत अडकला. विभागात पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी काहीही ठरले की तो अंदाज मानला जाई आणि प्रत्येक अंदाज सकाळी आठला प्रवेशद्वाराच्या फलकावर लागत असे. सामन्याच्या दिवशी तापमान आणि आर्द्रतेखाली तिसरी ओळ होती: हवामान विभागाकडून तीन पानांनंतर चकत्या लावल्या जाण्याची शक्यता शंभर टक्के.

नकाशा विभागाच्या प्रमुख बाईंनी ती येता येता वाचली आणि सोडून दिली. हवामानवाले शंभर टक्के म्हणतात, म्हणजे उलटेच होणार; हाती काही असल्याशिवाय हे लावणार नाहीत, असे त्यांनी आपल्या लोकांना समजावले. त्यामुळे पहिला तासभर ते निमूट पाने टाकत राहिले आणि साहेबांपुढे चकत्यांचा ढीग झाला. मग बाईंनी चष्मा पुसला.

"अहो, हे या वेळी खरंच सांगतायत," त्या शेजारच्याला म्हणाल्या.

त्यानंतर साहेब लावत गेले आणि बाई वाढवत गेल्या. ढीग गेला. कक्ष गेला. मात्र वर्षातला पहिला तंतोतंत अंदाज म्हणून साहेबांनी सर्वांचे अभिनंदन केले आणि मग टेबलाची एक बाजू स्वतः धरून ते जिन्याखाली नेले.

दुसऱ्या दिवशी तिथे, पंपाच्या घरघरीत, नागरिकांच्या चौकशीचा फोन वाजला. दशांशताईंनी डबा बाजूला सारला आणि दुपारनंतर पावसाची शक्यता सत्तर टक्के असल्याचे सांगितले.

"हो, पण म्हणजे छत्री घ्यायची की नाही?"

दहापैकी सात वेळा, असे त्यांच्या ओठांवर आले होते. त्यांनी समोर जेवणाऱ्या साहेबांकडे पाहिले.

"घ्या," त्या म्हणाल्या.

पलीकडच्याने समाधानाने फोन ठेवला. आवाज ओळखीचा वाटला असेल, तर तो तुमचाच होता. दुपारी लख्ख ऊन पडल्यावर हातातल्या छत्रीकडे पाहून तुम्ही या विभागाविषयी काय बोललात, तेही तुम्हाला आठवत असेलच.