मिनिटाला तीस बुडबुडे

ब्रदरना थेंब मोजायला शिकवायचं म्हणजे सुताराला खिळा कसा धरायचा ते सांगायचं! इस्पितळात छत्तीस वर्षं नर्सची नोकरी. सलाइनचं चाक बोटाने एवढंसं फिरवलं की मिनिटाला हवे तेवढेच थेंब, एक इकडे नाही की तिकडे नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना ब्रदरच म्हणायची. चिडली की बायकोसुद्धा!

तर या ब्रदरनी एका मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "आज आपला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर सुरू होणार!"

"होऊ दे," बायको म्हणाली, "फक्त माझा ओटा अडवू नका."

रिअ‍ॅक्टर म्हटल्यावर तुम्ही दचकू नका. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, त्यांच्या लेकीची. लेक तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरदेशी गेली आणि टाकी, चार मासे आणि अंगठ्याएवढं एक जिवंत जांभळं पोवळं आईबापांच्या गळ्यात घालून गेली. निघताना बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, हे मुठीएवढं झालं ना, की मी आलेच बघा!"

लेक बोलून गेली आणि बाप धरून बसला. दर रविवारी तिचा फोन यायच्या आधी ब्रदर काचेला पट्टी लावून पोवळं मोजायचे. तीन वर्षांत ते वाढलं नखभर! आणि लेकीची रजा दरवर्षी ऐनवेळी रद्द. घरात तिसरी खुर्ची रिकामी होती, ती कुणी हलवत नव्हतं आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं.

मग एका रविवारी लेक सहज बोलून गेली, की पोवळ्याला वाढायला कॅल्शियम लागतं. काही लोक घरीच नळकांडं बनवतात. त्यात जुन्या मेलेल्या पोवळ्यांचा चुरा भरायचा, टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं आणि त्यात थोडा थोडा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. गॅसने पाणी आंबट होतं, चुरा विरघळतो आणि कॅल्शियम टाकीत जातं.

"पण बाबा, मिनिटाला तीसच बुडबुडे हं! जास्त झाले तर टाकीचं पाणीच आंबट होईल, पोवळं मरेल. त्यासाठी एक बारीक झडप मिळते, ती आणा. आणि खिडकी, पडदे सताड उघडे ठेवा, घरात गॅस कोंडायला नको."

"झडप कशाला? मी काय मेलोय?" ब्रदर म्हणाले.

पाणी गाळायच्या फिल्टरचं जुनं नळकांडं निघालं. सोडावाल्याकडून गॅसची टाकी आली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टेने दिलेला सलाइनचा स्टँड माळ्यावरून खाली उतरला. त्यावर अर्धी पाणी भरलेली सलाइनची बाटली लटकली, तिच्यातून बुडबुडे जाणार आणि सलाइनच्या नळीचं चाक फिरवून ब्रदर त्यांना वेसण घालणार!

घड्याळ लावून मोजले. बरोब्बर तीस. ब्रदर ऐटीत हात धुऊन आले आणि पुन्हा मोजले, तर सत्तर! चाक आवळलं. नऊ. सैल केलं. बाटलीत नुसती उकळी फुटली! त्या चाकाला जन्मभर पाण्याची सवय, गॅसचा रेटा त्याला कुठला आवरणार? मासे वर येऊन तोंडं वासू लागले आणि पोवळ्याने आपली सगळी बोंडं आत ओढून घेतली.

"अहो, बंद करा ते!" बायको म्हणाली.

"बंद केलं तर वाढणार कसं? आणि वाढलं नाही तर..." ब्रदरनी पुन्हा घड्याळ उचललं.

मग ब्रदर खुर्ची ओढून ठाण मांडून बसले. एक हात चाकावर, डोळे बाटलीवर. तेविसाव्या बुडबुड्याला फोन वाजला, कुणाला तरी त्यांना विमा विकायचा होता! ब्रदरनी घरातला तो एकुलता एक फोन बंद करून कपाटात टाकला. लेकीचा फोन रविवारी, मंगळवारी कोण कशाला करतंय!

दुपारी बायको रोजच्यासारखी खिडकीपाशी दिवाणावर आडवी झाली. रोज पडदा असायचा, आज नव्हता. समोरच्या खिडकीत मास्तरीणबाई केस विंचरत होत्या. त्यांना काय दिसलं? उशाशी सलाइन, दिवाणावर तोंड उघडं टाकून निपचित पडलेली बाई आणि शेजारी घड्याळ धरून बसलेले ब्रदर!

"ब्रदर! काय झालं हो?" त्या ओरडल्या.

एकोणीस, वीस... ब्रदरनी मान न वळवता हात वर केला. म्हणजे, थांबा! मास्तरीणबाईंना वाटलं, म्हणजे, संपलं!

त्या धावत आल्या, बेल वाजवली. ब्रदरनी दार बोटभर उघडून ओठांवर बोट ठेवलं, "आत्ता नको, आत्ता नको!" आणि दार लावून घेतलं. लेक ही मास्तरीणबाईंची लाडकी विद्यार्थिनी. त्यांनी डोळे पुसत तिला फोन लावला. लेकीने घरी लावला. बंद! चौदा वेळा लावला, चौदा वेळा बंद!

गुरुवारी दुपारी बेल वाजली, तेव्हा ब्रदर अठ्ठावीसवर होते. बायकोने लाटणं हातात घेऊनच दार उघडलं. दारात लेक. रडून रडून डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे.

"आई, तू उभी आहेस?"

"मग काय बसून लाटणं आणू?" आई म्हणाली, आणि लाटण्यासकट तिच्या गळ्यात पडली.

ब्रदर एकोणतिसाव्या बुडबुड्यावर जे थांबले ते थांबलेच. सगळा उलगडा झाल्यावर लेक जी कडाडली म्हणता! दोन विमानं बदलून आलेय मी! हे असलं खूळ कशासाठी?

"तूच म्हणालीस ना," ब्रदर खाली बघत म्हणाले, "मुठीएवढं झालं की येईन."

"मी? कधी?" लेकीला काही म्हणता काही आठवेना. ती टाकीपाशी गेली, काचेला आपली मूठ लावून पोवळ्याशेजारी धरली. मग तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय."

चार दिवस राहिली. जाताना बाजारातून बारीक झडप आणून दहा मिनिटांत बसवून गेली. मिनिटाला तीस, घड्याळासारखे! मासे खाली गेले, पोवळं फुललं. स्टँड माळ्यावर गेला. ब्रदरना मोजायला काही उरलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी पट्टी लावली. "वाढतंय हं! केसभर!"

"या हिशेबाने मुठीएवढं कधी होईल?" बायकोने विचारलं.

ब्रदरनी बोटं मोजली. "आठ वर्षं. फार तर नऊ."

बायको उठली, माळ्यावरून स्टँड काढला, दिवाणाच्या उशाशी आणून ठेवला आणि पडदा सर्रकन बाजूला केला. समोर मास्तरीणबाई केस विंचरत होत्या.

"फोन कपाटात टाका," दिवाणावर आडवं होत ती म्हणाली, "आणि या वेळी हात वर कराल ना, तेव्हा जरा रडका चेहरा करा!"