चांदवीचा दाब आणि ओढ्याचे दोन काठ

एका जंगलात, बाळांनो, एक एवढासा ओढा होता. उडी मारली की पलीकडे. पण रक्तदाब वाढला तर तुम्ही कुठल्या काठावर आहात, याला फार महत्त्व होतं.

पूर्वकाठावर मोठं इस्पितळ होतं. चाळीस खाटा. दारात रखवालदार म्हणून बिबट्या. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा दाब हमखास चढलेला निघे. असा का चढतो, यावर अस्वल डॉक्टरांचा दांडगा अभ्यास चालू होता. तोवर ते म्हणत, "भरती करा!"

पश्चिमकाठावर खाट एकही नव्हती. एका सपाट दगडापाशी कासवमामा बसत. आलेल्याला आधी पाच मिनिटं गप्प बसवत, मग पायाला पट्टा बांधत. आठवड्याच्या गोळ्या देत आणि सांगत, "खारट दगड चाटणं कमी कर. मंगळवारी ये."

चांदवी नावाच्या हरिणीला दाबाचा त्रास होता. पान पडलं तरी तिला वाटे, वाघ. पाडस शिंकलं तरी वाटे, न्यूमोनिया. आपण जरा जास्तच घाबरतो, हे तिला कळत होतं. मग तिला त्याचीही काळजी वाटे.

एकदा ती पूर्वकाठावर गेली. बिबट्याने अदबीने विचारलं, "ताई, एकट्याच आलात?"

दाब असा चढला की पट्टाच तुटला.

"भरती!" अस्वल डॉक्टर म्हणाले.

"अहो, माझा गोंडू घरी आहे. अजून अंगावर पितो."

"दूध थांबू शकतं, बाई. दाब थांबत नाही."

चांदवीने खिडकीतून उडी मारली ती थेट पश्चिमकाठावर.

कासवमामांकडे तीन महिन्यांत तिचा दाब उतरला. गोंडूही बरोबर यायचा आणि ती पाच मिनिटं शेजारी गप्प बसायचा. घरी तो असा कधीच बसला नव्हता.

मग एका मंगळवारी राजाचे कोल्हेसाहेब आले. म्हणाले, "महाराजांना प्रश्न पडलाय. पूर्वेला चाळीस भरती, पश्चिमेला शून्य. असं का?"

चांदवीला वाटलं, मामांचं नाव काढायची हीच वेळ. ती धीर करून म्हणाली, "साहेब, आम्ही सगळे ठणठणीत आहोत, कारण आमचे मामा..."

कोल्हेसाहेबांनी 'ठणठणीत' एवढं लिहिलं आणि पान दुमडलं.

आठ दिवसांत हुकूम निघाला. पश्चिमकाठ निरोगी आहे, तिथे दवाखाना कशाला? पूर्वकाठ आजारी आहे, तिथे आणखी चाळीस खाटा द्या. कासवमामांची बदली पूर्वेला.

गोळ्या संपल्या. चांदवीचं डोकं ठणकायला लागलं. शेवटी गोंडूला घेऊन ती पूर्वकाठावर गेली.

"ताई, या वेळी बाळही?" बिबट्या म्हणाला.

नवा पट्टाही तुटला.

"भरती. खाट बेचाळीस," अस्वल डॉक्टर म्हणाले. "पाडसाला आत मनाई आहे. बाहेर रखवालदार सांभाळेल."

"अहो, त्याचाही दाब मोजा!" चांदवी किंचाळली. "वाढलेलाच असेल! मी आई आहे, मला कळतं! त्यालाही भरती करा हो, पाया पडते!"

मोजला. खरंच वाढला होता. गोंडूला त्रेचाळीस नंबर मिळाला.

एक्केचाळीस नंबरच्या खाटेवर कासवमामा उताणे पडले होते. कामावर रुजू व्हायला आले, तेव्हा बिबट्याने दारातच त्यांना उलटंपालटं करून तपासलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा दाब चढला होता.

"मामा, माझंच चुकलं," चांदवी हुंदके देत म्हणाली. "मी बरी आहे असं सांगून बसले."

"तुझं कसलं चुकलं, पोरी?" मामा छताकडे बघत म्हणाले. "मीच तुला बरं करून बसलो."

तात्पर्य: बाळांनो, बरं वाटू लागलं, तरी चौकशीला आलेल्या साहेबापुढे थोडं कण्हत राहावं. दवाखाना टिकतो.