सतरा प्रश्न आणि एक गवताचा टॅक्टर

“दुकानदार मले मशीन विकणार नाही. मी त्याच्याजवळून निवडून आणणार. दोन्हीत फरक आहे,” असं केवलराम रहांगडालेंनी बायकोला सांगितलं आणि नव्या वहीचं पहिलं पान उघडलं.

निर्मलाबाई पडवीत लसूण सोलत होत्या. “आणा,” त्या म्हणाल्या. “पण मंडईच्या आधी आणा.”

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलेला माणूस घाईनं काही घेत नाही. कुकर घेतला तेव्हा केवलरामांनी दुकानातच तीन शिट्ट्या करवून घेतल्या होत्या. आता तर गवत कापायचं मशीन घ्यायचं होतं, तेही बसून चालवायचं. आणि ते चुकलं असतं, तर सगळी म्हातारपणाची व्यवस्थाच चुकणार होती.

त्याचं असं झालं. कामठ्यात केवलरामांचं घर दीड एकर वाडीच्या मधोमध. पूर्वी ती धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, होती. घरासाठी त्यांनी ती मोडली, पण बांधीचे दोन धुरे, म्हणजे मातीचे बांध, तसेच राहिले. पावसाळा संपता संपता गवत कमरेच्या वर गेलं. दसऱ्याला त्यांचा मुलगा ओमेश नागपूरहून आला, हातपाय धुवायला मागे गेला आणि त्याला धामण भेटली. धामण विषारी नसते, हे केवलरामांनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं. पण ओमेश तेव्हा मोटरसायकलच्या सीटवर उभा होता आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

“बाबा, नागपूरले चला,” तो सीटवरूनच म्हणाला. “तिसरा मजला आहे. साप लिफ्टनं येत नाही.”

“मी तिसऱ्या मजल्यावर करू काय?”

“बसा.”

“बसाचंच असन तं इथं काय वाईट आहे?”

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीनंतर कामठ्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकी-जावई, पाहुणे सगळे गावात येतात, तेव्हा ओमेश पुन्हा येणार. वाडी साफ दिसली तर आईबाबा राहतील. नाही दिसली तर तो सामान बांधायलाच आलेला असेल.

गवत कापायला माणूस मिळेना. सगळं गाव धानाच्या कापणीवर. शेजारच्या बुधराम उईकेनं तारेपलीकडून उपाय सुचवला होता. “भाऊ, माहे हेले सोडा ना दोन दिवस.” हेले म्हणजे त्याची रेड्यांची जोडी.

“तुह्या हेल्यायनं सहा वर्षांआधी निर्मलाची साडी खाल्ली.”

“अर्धीच खाल्ली गा.”

त्या अर्ध्या साडीपायी केवलरामांनी मधे काटेरी तार ओढली होती. शिवाय हेले चरताना दिसले तर ओमेश वाडीला वाडी म्हणेल की गोठा? मशीनच पाहिजे. केवलरामांनी मोबाईलवर पाहिलं होतं. कुठल्याशा परदेशातला एक म्हातारा लाल मशीनवर बसून हिरवळीतून चाललाय आणि त्याच्या गुडघ्याशी, एका खाचेत, चहाचा कप ठेवलेला. ते दृश्य त्यांच्या मनातून जाईना.

*वहीतून:*

*प्रश्न १. मशीन किती रुंद? (आपलं फाटक साडेचार फूट.)*

*प्रश्न ४. वळायला जागा किती? (आंबा मधे येतो.)*

*प्रश्न ९. बाई चालवू शकते का? (निर्मला म्हणते चालवणार नाही. तरी विचारणे.)*

*प्रश्न १२. खाचेत कप बसतो की ग्लास?*

*प्रश्न १७. बिघडलं तर माणूस येतो की नुसता फोन लागतो?*

गोंदियाच्या दुकानात पंपांच्या आणि फवारणीयंत्रांच्या मागे अशी तीन मशीनं उभी होती. टाय लावलेला एक तरुण पुढे आला. “आइए अंकलजी. क्या दिखाऊं?”

केवलरामांनी वही उघडली. तास-दीड तास ते मशीनांची उलटतपासणी घेत होते. टेपनं मोजलं. खाली वाकून पाती पाहिली. खिशातून घरचा स्टीलचा ग्लास काढून खाचेत ठेवून पाहिला. तरुण घामाघूम झाला, पण चिडला नाही. सोळा प्रश्नांअखेर निकाल स्वच्छ होता. लहान, हिरवं, चार फुटी मशीन. ग्लास त्यात असा बसला होता जसा कानात मळ.

“आता शेवटचा,” केवलराम म्हणाले. “बिघडलं तं माणूस येतो का?”

“आएगा ना अंकलजी. कहां आना पड़ेगा?”

“कामठा.”

तरुणाच्या हातातलं माहितीपत्रक खाली गेलं. त्याची हिंदी पण गेली. “कामठा? माह्या आईचं माहेर कामठाच होय ना. उदाराम पटले माहे आजोबा. मी हेमराज.”

केवलरामांनी वही मिटली.

हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडे भाच्याचं स्थान देवाच्या एका पायरीखाली आहे, आणि काही घरांत त्याच पायरीवर. मामा सत्तर वर्षांचा असो नि भाचा रांगत असो, पाया मामानं पडायचं. आणि गावची लेक ती सगळ्या गावची बहीण, म्हणून तिचा मुलगा सगळ्या गावचा भाचा. त्यात उदारामची लेक शांता म्हणजे केवलरामांच्या वर्गातली.

केवलरामांनी चप्पल काढली आणि भर दुकानात, पंपांच्या साक्षीनं, त्या तरुणाच्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. हेमराजनं टाय सावरत आशीर्वाद दिला. दुसरा उपाय नव्हता.

“मामा,” तो प्रेमानं म्हणाला, “ते लहानगं नका घेऊ. दीड एकरात तुमचा जीव जाईन. हे मोठं घ्या.”

मोठं मशीन नारिंगी होतं, पाच फूट रुंद. केवलरामांच्या तोंडात ‘फाटक’ हा शब्द आला. ओठांपर्यंत आला. पण ज्या भाच्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या पहिल्याच शब्दाला नाही म्हणायचं?

“बरं, भाचेजी,” ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

“कोणतं निवडलं?” निर्मलाबाईंनी विचारलं.

“भाच्यानं निवडलं.”

“कोणता भाचा?”

“आजच झाला.”

केवलरामांनी दुकानात घडलेलं सांगितलं. मग सगळं ऐकून निर्मलाबाई म्हणाल्या, “मंग नाही कसं म्हणसान? जेवाले बोलावलं का?”

*मंडईला चार दिवस.*

सोमवारी मशीन गाडीतून आलं आणि फाटकाशी अडलं. अर्धा फूट. फाटकाचे खांब सिमेंटचे, म्हणून बुधरामच्या बाजूची काटेरी तार कापून मशीन आत घेतलं. बुधराम धुऱ्यावर उकिडवा बसून बघत होता.

“तार मजबूत होती गा,” तो म्हणाला. “माह्या हेल्यायले सहा वर्षं तुटली नाही.”

मशीन चालवून दाखवायला हेमराज सोबत आला होता. चालवून दाखवायच्या आधी त्याचे पाय परातीत धुतले गेले. मग जेवण. जेवताना त्याच्या आईची चौकशी झाली, आणि ‘शांताचा पोरगा आला’ ही बातमी हौदावरून निघून तासाभरात मारुतीच्या पारापर्यंत गेली.

*सोमवार दुपार: केवलरामांकडे. कढी, वडे, खीर.*

*सोमवार रात्र: उदारामचं घर. मासळी. आजी रडली.*

*मंगळवार सकाळ: पोस्टमनकडे. हाही मामा निघाला.*

*मंगळवार दुपार: दोन घरी. दुसऱ्या घरी घाऱ्या.*

*मंगळवार संध्याकाळ: भाचा आडवा.*

*बुधवार: वरच्यासारखंच, फक्त दुसऱ्या आळीत.*

केवलराम प्रत्येक घराबाहेर वही घेऊन उभे राहत. भाच्याला जेवू नको म्हणता येत नाही, आणि काम कर असं तर मुळीच म्हणता येत नाही. इकडे निर्मलाबाईंनी एक ट्रंक माळ्यावरून खाली काढली. नुसती पुसून ठेवली. ती ट्रंक बघून केवलरामांचा धीर सुटला आणि बुधवारी संध्याकाळी त्यांनी एका खिडकीतून आत तोंड घातलं.

“भाचेजी, ते गवताचं कसं करू?”

“काही नाही मामा, चाबी फिरवली की चालते,” हेमराज घारी मोडत म्हणाला. “गवत वीतभरच आहे ना?”

“वीतभर?”

“त्याच्या वर असलं तं मशीनले झेपत नाही. आधी विळ्यानं कापून घ्या, मंग मशीननं कापा.”

केवलरामांनी तोंड खिडकीतून बाहेर काढलं आणि वहीचे सतराही प्रश्न पुन्हा वाचले. गवत किती उंच चालेल, हा प्रश्न त्यात नव्हता. सीट उन्हात तापते का, हा होता.

*मंडईला एक दिवस.*

गुरुवारी सकाळी ते स्वतःच मशीनवर बसले. कालव्याची लोखंडी दारं उघडलेल्या माणसाला एक चाबी काय जड. निर्मलाबाईंनी ग्लास भरून चहा दिला, तो त्यांनी खाचेत ठेवला. पहिली चार-पाच पावलं असं सुरेख गेलं की त्यांनी एक घोटही घेतला. मग मशीनच्या घशात गवत अडकलं. त्यांनी जोर वाढवला. मशीन गुरगुरत पुढे गेलं, गवतात लपलेल्या धुऱ्यावर चढलं आणि पोट टेकून बसलं. चाकं हवेत फिरू लागली. चहा पायजम्यावर होता.

पडवीतून निर्मलाबाईंना गवताच्या वर फक्त एक टोपी दिसत होती.

“अजी, चालू आहे का?”

“मशीन चालू आहे.”

“आणि तुमी?”

“मी थांबलो.”

तोडलेल्या तारेतून बुधराम आला. सगळीकडून फिरून त्यानं मशीन बघितलं. “काऊन गा केवलभाऊ, कापणी झाली का?”

“दोर आण,” केवलराम म्हणाले.

बुधरामनं दोर आणला, हेल्यांची जोडी आणली, जू बांधलं. हेल्यांनी दोन पावलं ओढलं. मग डाव्या हेल्याला समोर गवत दिसलं. उजव्याला ते आधीच दिसलं होतं. दोघांनी माना खाली घातल्या.

“ओढ ना त्यायले!”

“आता नाही ओढत ते.”

“कायले नाही ओढत?”

“तुमचा भाचा तीन दिवसांपासून जेवून राहिला, भाऊ. माह्या हेल्यायनंच उपाशी काम करावं का?”

तोवर तारेच्या भोकातून बुधरामच्या म्हशी आल्या. त्यांच्या मागून, चराईला निघालेली गावची जनावरं. केवलराम उतरायला गेले, पण चहूबाजूंनी शिंगं होती. मग ते तिथेच बसून राहिले, पुरात झाडावर बसल्यासारखे. गवत त्यांच्या छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून गुडघ्याला. दुपारी निर्मलाबाईंनी एका गायीला बाजूला सारून त्यांना डबा दिला. संध्याकाळी जनावरं परतली तेव्हा ते उतरले. शुक्रवारी उजाडता जनावरं पुन्हा आली आणि उरलेलं आटोपून गेली. बुधरामनं फावड्यानं धुरा फोडला, आणि पोटभर जेवलेल्या हेल्यांनी मशीन एका हिसक्यात बाहेर काढलं.

*मंडई.*

ओमेश बायको प्रेरणासह बाराला आला. डिकीत रिकामी खोकी होती, सामानासाठी. फाटकाबाहेर त्यानं गाडी थांबवली आणि बघतच राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभर, सारखं, हिरवं. मधोमध नारिंगी मशीन. त्याला झेंडूचा हार.

“बाबा, हे तुमी केलं?”

केवलरामांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

“आणि हे शेण?” प्रेरणानं विचारलं.

“खत टाकलं,” निर्मलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात हेमराज ढेकर देत आला. “वा मामा, आता बरोबर वीतभर आहे,” म्हणाला आणि त्यानं ओमेशला सीटवर बसवलं. चाबी फिरली.

ओमेश अडतीस वर्षांचा आहे, बँकेत अधिकारी आहे. आंब्याला पहिला फेरा घातला तेव्हा तो अधिकारीच होता. तिसऱ्या फेऱ्यात त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. पाचव्यात निर्मलाबाईंनी चालत्या मशीनच्या खाचेत चहाचा ग्लास ठेवला आणि तो गाणं म्हणू लागला. मंडईतलं दंडारीचं नाटक संपलं, पाळणे थांबले, पाहुणे वाडीच्या कडेला उभे राहून त्यालाच बघू लागले. अंधार पडला तेव्हा तो उतरला.

“बाबा, तुमी इथंच राहा,” तो म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावर हे ठेवू कुठं?”

खोकी तशीच परत गेली. वर्षातून दोनदा येणारा ओमेश आता दर रविवारी येतो, गवत कापायला. ज्या गवताची भीती होती त्या गवताला निर्मलाबाई आता संध्याकाळी पाणी देतात, कारण रविवारी कापायला काही उरलं नाही तर पोरगा येईल कशाला? मात्र तार अजून तुटलेलीच आहे आणि हेल्यांना रस्ता पाठ झालाय. ते शनिवारी येतात. मागच्या रविवारी ओमेशनं नुसतंच मशीन फिरवलं आणि ‘पातं धार धरत नाही’ असं म्हणाला.

*प्रश्न १८. शनिवारी हेल्यांना कसं अडवावं?*

हेमराजला विचारा, असं निर्मलाबाई रोज म्हणतात. केवलराम विचारत नाहीत. भाचा जे सांगेल ते करावं लागेल.