शेवटचं पान काकांकडे

भिसेगावात आमच्या शेजारी गायकवाडकाका राहतात. ते मुलांना गोष्टींची पुस्तकं फुकट वाटतात आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान स्वतःकडे ठेवून घेतात! पुढं काय झालं ते हवं असेल, तर त्यांच्या ओट्यावर जायचं, आधीची गोष्ट आपल्या तोंडानं सांगायची, मग पान मिळणार. "अर्धपोटी पोरगं ताट सोडून कुठं जातंय?" हे त्यांचं शास्त्र.

काका लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढून कनेक्शन तोडलेला माणूस, ऐन रंगात तोडायची कला हातातच मुरलेली. इंटरनेटवर मुलांच्या गोष्टी फुकट मिळतात हा शोध त्यांना लागला आणि आमच्या आळीची झोप उडाली. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी. "ही बघ, डाऊनलोड झाली! मराठीत हाय, चित्रं हायत, आन् पैसा नाय!" की निघाले स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला.

ताप सगळा आम्हा आयांना. एकदा आमची तेजू जेवायला बसली आणि भाताला हातच लावेना.

"आई, विहिरीत पडलेलं अस्वल वर आलं का गं?"

मला काय ठाऊक! तरातरा काकांकडं गेले. "काका, द्या बघू ते पान. पोरगी उपाशी बसलीय!"

काका ढिम्म. "देतो की. आदी सांग, अस्वल विहिरीत पडलं कसं?"

मला कुठलं सांगता येतंय? हात हलवत परत आले. वर तेजू मलाच म्हणते, "तू वाचलंच नाहीस ना?" शेवटी आम्ही दोघींनी मिळून वाचलं, मी परत गेले, परीक्षा दिली, तेव्हा कुठं अस्वल वर आलं आणि पोरगी जेवली.

काकू गेल्यापासून काका घरात एकटेच. मुलगा पुण्याला, सणासुदीला येतो. पण संध्याकाळी ओट्यावर हा कलकलाट! पान आधी कुणी घ्यायचं यावरून भांडणं, काकांचा दम, "ए, गपा रं! एकेकानं बोला!"

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र ओटा गप्प झाला. तेजू घरातच, माझ्या मोबाईलवर वाचत बसलेली.

"काकांकडं नाही गेलीस?"

"कशाला? इथं अख्खी गोष्ट मिळते. शेवटासकट!"

माझं डोकंच फिरलं. "हा आगाऊपणा कुणी शिकवला?"

"काकांनीच. सगळ्यांना शिकवलं, गोष्टी कुठं शोधायच्या ते. म्हणाले, मी आज हाय, उद्या नाय. माज्यापायी तुमची गोष्ट अडायला नको."

तशीच उठून शेजारी गेले. काका ओट्यावर एकटेच, रस्त्याकडं बघत.

"काय काका, आता निवांत?"

"मग! पोरं आपली आपण शोधून वाचायला लागली. जिंकलो की गं मी!" ते हसले. मग म्हणाले, "पण आता येत नाय गं कुनी. संध्याकाळ लय लांबते."

काका उठून दाराशी गेले.

"चहा टाकू? बसशील जरा?"

घरी कुकर लावून आले होते. शिट्ट्या इथवर ऐकू येत होत्या. तिथूनच ओरडले, "तेजू, गॅस बंद कर गं!" आणि बसले.