दुवार्तो घरी निघाला

परदेशी पोरांना वळण लावावं तर ते मीच! अख्ख्या सोलो शहरात दुसरी कुणी असेल तर दाखवा! एकोणीस वर्षं झाली, घराच्या माडीवरच्या चार खोल्या मी विद्यार्थ्यांना देते. चपला दारात काढायच्या, देणंघेणं उजव्या हाताने करायचं, तिखट लागलं तरी हसत जेवायचं, हे सगळं मी शिकवते. सगळे मला बू वार्सिनी म्हणतात. बू म्हणजे आई, काकू, बाई, जे हवं ते धरा. मी मात्र स्वतःला बाईच समजते, म्हणजे शाळेतल्या.

यंदा माझ्याकडे पोर्तुगालचा दुआर्ते होता. हे नाव आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी शेजारच्या बू तुमिनेमने त्याचा 'दुवार्तो' करून टाकला आणि तो इथलाच झाला. पोरगा गुणी, पण उंच इतका की स्वयंपाकघराच्या चौकटीवर रोज दोनदा कपाळ आपटायचा आणि चौकटीचीच माफी मागायचा!

त्याचं सत्र संपायला तीन आठवडे उरले आणि पोराचा चेहरा उतरला. शेवटच्या गुरुवारी आमच्या भाषेची तोंडी परीक्षा होती. तिकडच्या कॉलेजात तो आधीच एकदा आपटलेला. इथे पास झाला तर सत्र धरणार, नाही तर वडील त्याचं नाव काढून त्याला मासे डबाबंद करायच्या कारखान्यात बसवणार.

"बू, मला मासे आवडत नाहीत," तो रडवेला होऊन म्हणाला.

"मी आहे ना!" मी म्हटलं. "तुला बोलता तर छान येतं."

येत होतं, पण कसलं? सगळी भाषा तो कोपऱ्यावरच्या मीटबॉलच्या गाडीवर शिकलेला. पहिल्याच दिवशी प्राध्यापक विबोवोंना त्याने "काय बॉस, हाणलं का काही?" असं विचारलं होतं! परीक्षेला पुस्तकी भाषा हवी. मग मी त्याला माझी युक्ती दिली. "हे बघ, जालान म्हणजे चालणं. पुस्तकात काय म्हणतात? बेरजालान. माइन म्हणजे खेळणं, पुस्तकात बेरमाइन. शब्दाच्या पुढे 'बेर' लावायचं, की भाषा इस्त्री केल्यासारखी कडक!"

"एवढंच?"

"एवढंच!"

पोराने माझे हात डोळ्यांना लावले. मला वाटलं, विद्यापीठाने मला आधीच बोलवायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगून ठेवली. आमच्याकडे माणूस गाव सोडताना सर्वांचा नीट निरोप घेतो, कळत नकळत काही चुकलं असेल तर माफी मागतो. "एक छानसं पत्र लिही," मी म्हटलं, "गल्लीच्या ग्रुपवर टाक, कॉलेजच्या ग्रुपवर टाक. परीक्षेनंतरच्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवू. तेवढाच तुझा सरावही होईल."

इथपर्यंत माझी काही चूक दिसते का? मलाही दिसली नव्हती.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी सकाळी मी बाजारात गेले. फोन नेहमीप्रमाणे घरी विसरला. दुवार्तो मित्रांबरोबर पहाटेच लावू नावाच्या डोंगराकडे धबधबा बघायला गेलेला. घरी आमचे हे, म्हणजे माझे यजमान मार्योनो, आणि यांचा कवडा. हे सकाळचे दोन तास त्या पक्ष्याशी बोलतात. माझ्याशी तेवढं महिन्यात बोलत नाहीत.

अकराला परत आले तर फाटकात मांडव! अंगणात पन्नास खुर्च्या! गल्लीप्रमुख पाक सुगेंग (पाक म्हणजे काका, साहेब) काळी टोपी घालून माणसांना रांगेत बसवत होते. माझ्या स्वयंपाकघरात सात बायका माझ्याच विळ्यांनी माझ्याच फरसबीचे तुकडे करत होत्या.

"बू, मीठ कुठे ठेवता?" एकीने रडत रडत विचारलं.

मी काही बोलायच्या आत बू तुमिनेमने मला छातीशी कवटाळलं. "सोसा, बू! सोसायलाच हवं! चांगलाच माणूस आधी जातो!"

मांडव, खुर्च्या, काळी टोपी, आमच्याकडे कुणी गेलं की हेच. घरात मागे राहिलेला माणूस एकच होता! एकतीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढून गेला. सकाळीच मी यांना "तुम्ही आणि तुमचा तो कवडा, दोघंही कामाचे नाहीत" असं म्हणून बाहेर पडले होते. ते माझे शेवटचे शब्द? मी मटकन खाली बसले आणि असा हंबरडा फोडला की बाहेर मांडवातली माणसं उभी राहिली.

"एवढा लळा होता हो यांना!" बायका म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने हे आले. हातात पिंजरा, डोळ्यांत पाणी.

"अहो!" मी किंचाळले. "तुम्ही जिवंत?"

"म्हणजे काय!" हे गोंधळले. "पण तुझी आई... सगळे सकाळपासून रडतायत, मला वाटलं क्लातेनहून, तुझ्या माहेरून, निरोप आला..."

"माझी आई? आईला काय झालं?" मी पुन्हा सुरू!

"अहो, थांबा!" पाक सुगेंग आत आले. "कुणाची आई? आपण दुवार्तोसाठी जमलोय. तुम्हाला माहीत नाही?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पहाटे पाच वाजता दुवार्तोच्या नंबरावरून गल्लीच्या ग्रुपवर आलेला संदेश. आमच्या भाषेत घरी जाण्याला 'पुलांग' म्हणतात. साधा, रोजचा शब्द. पण त्याच्या पुढे 'बेर' लावलं की माणूस घरी जात नाही, देवाघरी जातो. शिवाय आमच्या क्रियापदांना काळ नसतो. गेला, जातोय, जाणार, सगळं एकच. संदेश होता: "दुआर्ते बेरपुलांग. त्याच्याकडून काही चुकलं असल्यास सर्वांनी क्षमा करावी. बू वार्सिनी यांच्या घरी रविवारी आपली वाट पाहत आहोत."

पुढचा रविवार म्हणायचं मात्र पोरगं विसरलं होतं.

मला 'बेर' दिसलंच नाही हो! मला फक्त तो गेला एवढंच दिसलं. त्याचा फोन माडीवर चार्जिंगला लावलेला, वाजून वाजून गप्प होत होता. काल याच ओट्यापाशी त्याने तीन वेळा भात घेतला होता आणि चौथ्यांदा मागितला तर मी म्हटलं होतं, "पोट आहे की पोतं?" मी तोंडाला ओढणी लावून खरंखुरं रडले. त्याच्या आईला काय सांगू, हेच मला कळेना.

आणि फाटकातून आवाज आला, "वा! एवढे सगळे?"

दुवार्तो! उन्हाने टोमॅटोसारखा लाल, खांद्यावर केळ्यांचा घड!

बू तुमिनेमने झारा फेकला. दोन बायका मोरीत लपल्या. पाक सुगेंगांनी प्रार्थना सुरू केली, पण घाबरून लग्नातली! मी मात्र धावत गेले आणि त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो कळवळला.

"अंग गरम लागतंय! जिवंत आहे!" मी ओरडले.

दुवार्तोचे डोळे भरून आले. तो मांडवाकडे, खुर्च्यांकडे, फरसबीकडे बघत म्हणाला, "माझ्या बेरपुलांगला तुम्ही सगळे आलात! एक आठवडा आधी! असं प्रेम मला कुठेच मिळालं नाही!"

कुणीतरी त्याला अर्थ सांगितला. तो पांढरा पडला.

"पण 'बेर' लावायचं असं मला बू..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. सगळ्या गल्लीचे डोळे माझ्याकडे. एकोणीस वर्षांची कमाई हो!

दुवार्तोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं. मीच कुठून तरी उचललं."

"परदेशी पोरं! काय करणार!" मी म्हटलं आणि सगळ्यांना चहा विचारला. पहिला कप मी दुवार्तोच्या हातात ठेवला, त्याच्याकडे न बघता.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. दुपारी टेम्पो आला आणि त्यातून दाराएवढा फुलांचा फलक उतरला: "आपल्या दुःखात सहभागी. भाषा विभाग." म्हणजे कॉलेजच्या ग्रुपवरही पोचलं होतं!

सोमवारी आम्ही कॉलेजच्या कार्यालयात धावलो. खिडकीत एस्ती नावाची मुलगी बसलेली. तिने यादी बघितली. "दुआर्तेचं नाव परीक्षेतून काढलंय. ते वारले."

"हा काय तुमच्यापुढे उभाय!"

"मला दिसतंय, बू. पण यादीला दिसत नाही ना. जिवंत असल्याचा दाखला आणा."

पाक सुगेंगांकडे गेलो. ते आधीच घुश्शात होते. दुवार्तोवर त्यांनी चार पानी भाषण लिहिलं होतं आणि ते वायाच गेलं होतं. तरी त्यांनी लिहून दिलं, "सदर इसम आजपर्यंत जिवंत आहे." शिक्का मारला. एस्तीने वाचलं.

"आजपर्यंत? आज सोमवार. परीक्षा गुरुवारी आहे. गुरुवारपर्यंतचं आणा."

पुन्हा पाक सुगेंग. "गुरुवारची हमी मी कशी देऊ? ते वरच्याच्या हातात!" शेवटी खूप विचार करून त्यांनी खाली एक ओळ वाढवली, "गुरुवारपर्यंतही राहील अशी गल्लीची अपेक्षा आहे." ते चाललं!

गुरुवारी दुवार्तो आत गेला. आम्ही बाहेर खिडकीशी उभे होतो: मी, आमचे हे, बू तुमिनेम आणि ऐनवेळी लागला तर म्हणून शिक्का घेऊन आलेले पाक सुगेंग. आत सुरुवात चांगली झाली. मग प्राध्यापक विबोवोंनी फोन काढला.

"हे पत्र तुमचं? आमच्या विभागाने दोन मिनिटं मौन पाळलं. पाच महिने राहून घर आणि देवाघर यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला मी पास कसा करू?"

प्राध्यापकांनी फोन टेबलावर ठेवला.

"हे असं 'बेर' लावायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. माझंच चुकलं."

मला त्या कारखान्यातले मासे दिसायला लागले. रांगेने येणारे, डबाबंद होणारे, आणि त्यांच्यापुढे माझा लांबडा पोरगा, न आवडणाऱ्या वासात उभा. माझी लाज त्याने उचलली होती आणि मी खिडकीशी उभी राहून ती उचलू देत होते. मला स्वतःची चीड आली.

मी दार ढकलून आत गेले. "त्याची काही चूक नाही! मी शिकवलं! शब्दाच्या पुढे 'बेर' लावायचं, असं मीच सांगितलं! वर त्याच्या पायावर पायही मीच दिला!"

खिडकीत बू तुमिनेमचा हात तोंडावर गेला. झालं, संध्याकाळपर्यंत गल्लीभर.

"तुम्ही ही भाषा किती वर्षं बोलताय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"आणि हा?"

"पाच महिने."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. दुवार्तोकडे वळून म्हणाले, "आता बूंना नियम समजावून सांगा. पुस्तकी भाषेत."

आणि त्याने सांगितला! 'बेर' कुठे लागतं, कुठे लागत नाही, कुठे लावलं की माणूस प्राणाला मुकतो. चार रात्री पुस्तक घेऊन बसला होता पोरगा, मला न सांगता. मी मान डोलवत ऐकलं. निम्मं मला नवीन होतं.

"पास," प्राध्यापक म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही मात्र पुढच्या सत्राला पहिल्या वर्गात बसा."

रविवारी खरा निरोप झाला. पाक सुगेंगांनी चारही पानं वाचून दाखवली; 'कैलासवासी' तेवढं गाळलं. स्टेशनवर दुवार्तो डब्याच्या दाराला कपाळ आपटून, दाराची माफी मागून आत चढला आणि ओरडला, "बू, मी पुलांग! नुसता पुलांग!" मी त्या दिवशी रडले होते त्याच्या दुप्पट रडले. आमचे हे म्हणाले, "अगं, आता तर तो जिवंत आहे!" यांना कोण समजावणार!

फुलांच्या फलकाखाली आता कवड्याचा पिंजरा टांगलाय. परवा दुवार्तोची चिठ्ठी आली, तो पुढच्या वर्गात गेलाय. माझं काय विचारता? हल्ली बाजारात पिशवी उचलून "चला, घरी निघते" म्हटलं, की भाजीवाली तराजू खाली ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "बू, बेर लावून की बेर न लावता?"